कोंबडा चार वाजता आरवतो

नाझिब्रोला मावशीचं गेस्ट हाऊस कुताईसीत,
पुलापलीकडे, चढावर, पर्सिमनच्या झाडाआड.
खोल्या तीन. गरम पाणी दोघांपुरतं.
अभिप्राय अकरा. त्यातले नऊ माझे.

एका रात्रीत लिहिले, फेब्रुवारीत, शेगडीला पाय लावून.
मी ड्रेस्डेनची हेल्गा झालो,
सोलचं नवं जोडपं झालो,
दोन जुळ्या मुलींचा बाप झालो
(माझं तर लग्नसुद्धा नाही).
हेल्गाला जरा कडक ठेवली, एक तारा हातचा राखला,
सगळ्यांनीच पाचाचे पाच दिले तर कुणाला पटेल?
आणि प्रत्येकाच्या शेवटी, सवयीनं,
जणू घरीच आलो.

जोडप्याच्या तोंडून ओघात निसटून गेलं:
नाश्ता बाल्कनीत, खाली रिओनी नदी.
बाल्कनी नव्हती.
नदी होती, पण न्हाणीघराच्या झरोक्यातून,
तीही बादली पालथी घालून वर चढलं तर.

दहावा ग्दान्स्कच्या कुणा वोइचेखचा. खरा. दोन तारे.
"कोंबडा चार वाजता आरवतो. पावणेपाचला पुन्हा.
बाईंना 'पुरे' ऐकू येत नाही."
(अकरावा नुसताच अंगठा.)

मावशीला वाचून दाखवलं.
"खोटं काय आहे त्यात?" म्हणाली,
आणि आठवडाभर कोंबड्याशी बोलली नाही.

मार्चपासून माणसं येऊ लागली.
बॅगा ठेवायच्या आत विचारायची, बाल्कनी कुठे?
मावशी हात पुसत उभी राहायची,
मग चीज भरलेली आणखी एक गरम भाकरी आणून ठेवायची,
जणू तेच उत्तर.
चौथ्या वेळी तिनं गुराम सुताराला बोलावलं.
आजोबांचा दारूचा रांजण विकला, मातीत पुरलेला,
उकरून काढायला दोन दिवस लागले.
मेच्या अखेरीस बाल्कनी झाली. थोडी कलते,
पण नदी दिसते, पुलापर्यंत.

कोंबडा नववर्षाला गेला, अक्रोडाच्या रश्शात.

म्हणजे आता माझी थाप खरी आहे
आणि वोइचेखचं खरं खोटं.
त्याचं वाक्य अजून तिथेच आहे.
परवा एक डच म्हातारा चारचा गजर लावून उठला,
शाल गुंडाळून अंधारात बसून राहिला,
नाश्त्याला म्हणाला, आरवला नाही हो.
मावशीला वाटलं, तो मीठ मागतोय.

आता तिच्या डोळ्याचं ऑपरेशन. इस्तंबूलला, गुरुवारी.
रात्री दीडला मी हॉटेलं चाळत बसलोय,
आणि मला एक अक्षर पटत नाही.
स्वच्छ. मध्यवर्ती. मालक हसतमुख.
जणू घरीच आलो.
कोण असशील रे तू,
कुठल्या गल्लीतला, कुठल्या काकूचा पुतण्या,
तुझीही शेगडी विझत आली असेल.

पाचाचे ओलांडतो. एकाचेही ओलांडतो,
एक ताऱ्याची माणसं बायकोशी भांडून आलेली असतात.
मी शोधतोय कुणीतरी
ज्याला एवढंसं काहीतरी खुपलं,
आणि जे खुपलं तेवढंच त्यानं लिहिलं.

पहाटे सापडलं. तीन तारे.
"दुसऱ्या मजल्यावरची खिडकी लागत नाही.
मांजर आत येते. पायथ्याशी झोपते.
तिचं नाव खाली कुणालाच ठाऊक नाही."

तारीख दोन वर्षांपूर्वीची.
एव्हाना कुणी सुतार येऊन गेला असेल.
तरी तीच खोली घेतली.

मावशी उठली. "काय म्हणतात लोक?"
म्हटलं, मांजर येते म्हणतात.
"कसली?"
ते नाही लिहिलेलं.

ती स्वयंपाकघरात गेली. फडताळ वाजलं.
बॅगेत, चष्म्याच्या डबीशेजारी,
कागदात बांधलेला चीजचा तुकडा.