दोन एलचं गाव

टेबलावर वेल्स पसरलाय.
एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी,
दुसऱ्यावर हेरंबचा चष्मा,
म्हणून नकाशा सपाट आहे
आणि त्याला दिसत काहीच नाही.

"चार दिवसांत नऊ किल्ले," तो म्हणतो
आणि रेघा मारतो, पट्टी लावून,
जन्मभर कारखान्यात ड्रॉइंगं काढली तशा.
मला किल्ले नकोत.
मला गुरुवारी त्या खाणीच्या गावात
चॅपलच्या मागच्या बाकावर बसायचंय.
तिथे पुरुष गाण्याची तालीम करतात
आणि परक्याला उठवत नाहीत.

गावाचं नाव दोन एलने सुरू होतं.
आपल्या ळ-ची इथे काय थट्टा झाली!
आता या दोन एलपुढे
सगळ्या वुल्व्हरहॅम्प्टनची बोबडी वळते.
आम्ही दोघं जीभ टाळूला लावून
कडेने फुंकर सोडतो.
चहावरची साय हलते.

"एवढासा देश, दोन दिवस पुष्कळ,"
फोनवर मुलगा.
एवढासाच. सव्वा तासावर.
एकेचाळीस वर्षांत गेलो नाही.
रजा साठायची मिरजेसाठी,
बॅगा भरायच्या मिरजेसाठी,
वजनकाट्यावर दोन-दोनदा चढवून.
आता मिरजेची किल्ली शेजाऱ्यांकडे असते.

हेरंब तीन किल्ले खोडतो.
थांबतो. अजून दोन.
तिकडे म्हणे रस्त्यावरच लिहितात,
पांढऱ्या, माणसाएवढ्या अक्षरांत: अराव.
म्हणजे हळू.

कागदाच्या डोक्यावर, श्री लिहितो तिथे,
तो ते देवनागरीत लिहितो.
पट्टी न लावता.