डाव्या मडगार्डवरचा पोचा

बुधवारी दुपारी, वाचनालयाच्या तळघरात
ट्वायला माझ्यापुढे बुटांचं एक खोकं ठेवते.
त्यात आमच्या गावाचे फोटो. मागे नाव नाही, साल नाही.
माणसं ओळखणारे आता उरले नाहीत, ती म्हणते,
पण गाड्या साल सांगतील. आणि गाड्या तुम्हाला ओळखतात, व्हर्लिन.

खरं आहे. माणसांची नावं जिभेवरून
ओल्या साबणासारखी निसटतात,
पण फोर्डच्या जाळीत मधोमध एक गोळा असला
की एकोणपन्नास नाहीतर पन्नास,
दोन असले की एक्कावन्न. यात चूक नाही.
ब्यूइकच्या कुशीला चार भोकं म्हणजे डॉक्टर किंवा बँकवाला,
तीन म्हणजे आमच्यासारखा कुणी, हप्त्यावर.
छप्पन्नच्या शेवरलेटला पेट्रोल कुठून पाजायचं
हे पंपावरच्या नव्या पोराला कळायचं नाही,
डाव्या मागच्या दिव्याआड तोंड लपवलेलं.
मी खाली उतरून दिवा उघडून दाखवायचो, जादूगाराच्या थाटात.
ही हडसन. हिच्यात चढायचं नसतं, उतरायचं असतं.
ही पॅकार्ड, कुणाच्या तरी मयतीची.
पुढचा.

आणि मग हा.

मक्याच्या शेताच्या कडेला चार अनोळखी माणसं,
त्यांच्यामागे विमानाच्या नाकाची स्टुडबेकर.
नाकाभोवतीचं बाहेरचं कडं रंगवलेलं, क्रोमचं नव्हे:
एक्कावन्न.
ट्वायला लिहून घेते.
मी भिंग मागतो.

डाव्या मडगार्डवर, दिव्याच्या जरा खाली,
बशीएवढा पोचा.

तो आर्डिथने पाडला.
बावन्नचा ऑक्टोबर. मी शेजारी बसून
सोड, हळू सोड म्हणतोय तोवर तिने क्लच सोडला
आणि योडरबाईंची टपालपेटी खांबासकट आडवी.
ती उतरली नाही. स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसत राहिली,
इतकी, की झाडू घेऊन तावातावाने आलेल्या योडरबाईही
झाडूवर रेलून हसायला लागल्या.
मी हप्ते मोजत होतो. अकरा उरले होते.
तिला काय बोललो ते तळघरातसुद्धा सांगण्यासारखं नाही.

चढावर ही गाडी मागे घसरत नसे.
क्लच दाबून धरला की ब्रेक आपणहून धरून ठेवायचा.
साउथ बेंडच्या लोकांनी हे एक फार शहाणपणाचं केलं होतं.
मला तेवढंही जमलं नाही, कितीदा तरी.

सत्तावन्नात विकली. पोरं तीन, दारं दोन.
एल्कहार्टहून एक माणूस आला, टोपी हातात,
पोच्यावरून बोटं फिरवून त्याने पंचवीस डॉलर तोडले.
आर्डिथ पायरीवर उभी होती, पिठाचे हात ॲप्रनला पुसत.
म्हणाली, पंचवीसच?

म्हणजे ही त्याची माणसं असतील. किंवा त्याच्यानंतरच्या कुणाची.
बाईचा ठिपक्यांचा झगा, मुलगा बॉनेटवर बूट घालून
(माझ्या वेळी असं बसला असता तर).
आमची गर्द हिरवी होती; ही काळ्यापांढऱ्यातही फिकट दिसते,
नवा रंग दिलाय. चाकांना पांढऱ्या कडा.
हौस केली तिची, मी केली नव्हती एवढी.
एवढा रंग दिला, आणि पोचा काढला नाही.
का, ते या बाईला विचारायचं होतं.
तिच्या हसण्यावरून वाटतं, तिला सांगता आलं असतं.

माणसं? ट्वायला विचारते.
माहीत नाहीत.
"अज्ञात कुटुंब", ती पेन्सिलने लिहिते.
पोचा आर्डिथचा, असं लिही.
त्याला रकाना नाहीये, व्हर्लिन.

जरा वेळ ती काही करत नाही.
मग फोटो पालथा घालून कोपऱ्यात बारीक काहीतरी लिहिते.
भिंग तिच्या बाजूला राहिलंय. मी मागत नाही.

पुढचा.
नॅश. बावन्न.
नाही, थांब. मागची काच बघू दे.