सात नंबर

उम्म अल क्वैनच्या खाडीत
आज ओहोटी पहाटे साडेचारला.
गुडघ्याएवढे बूट घालून मी चिखलात उतरते,
मीटरभराची चौकट टाकते
आणि आतली भोकं मोजते.
पगारपत्रकावर या कामाला बरंच मोठं नाव आहे.

एकवीस. सतरा. चौतीस.
प्रत्येक भोकाच्या तोंडाशी मातीच्या गोळ्या,
भिजवलेल्या साबुदाण्याएवढ्या.
म्हणजे आत कुणीतरी राहतं, उकरतं, जेवतं.

खल्फान, इथला राखणदार, झाडाला गुर्म म्हणतो.
मी म्हटलं, आमच्याकडे तिवर.
त्यानं शब्द खजुरासारखा तोंडात घोळवला.
दोन्हींत र आहे, म्हणाला,
आणि बोटीला रंग द्यायला निघून गेला.

सात नंबरचा तुकडा मी शेवटी ठेवते.
पाइपवाल्यांनी त्याला पत्रा ठोकला होता, चार महिने.
खेकडे उचलून नेले, इतकंच.
तिवरं उभी, पानं हिरवी.
साहेब म्हणाले, बिघडलंय कुठे?

मग गळलेली पानं तशीच पडून राहिली.
चिखल काळा पडला, नासक्या अंड्यासारखा,
श्वासमुळांवर बुळबुळीत साय धरली.
कोळंबीची पिल्लं आली नाहीत.
राखी बगळा दोन दिवस येऊन उभा राहिला,
तिसऱ्या दिवशी नाही.

बाबा गवंडी होते, गुहागरकडचे.
विहिरीच्या कमानी बांधायचे, जांभ्याच्या.
मधला चिरा हातात तोलत म्हणायचे,
वजन सगळेच घेतात गं,
हा फक्त जागा सोडत नाही.
बाबा, इथला तुमचा चिरा चालतो.
तोही आडवा.
डोळे काठ्यांवर, एक नांगी उगाच मोठी.

पत्रा निघाला त्याला अकरा महिने झाले.
वहीत सात नंबरपुढे शून्य, शून्य, शून्य,
इतकी की मी आधीच लिहून ठेवते.
आज लिहिलं आणि खोडावं लागलं.

आधी वाटलं माझ्याच काठीचं भोक.
पण तोंडाशी साबुदाणा होता. ओला.
उकिडवी बसले. पाठ आखडली, ऊन चढलं.
खल्फान मागे येऊन उभा,
हातात रंगाचा ब्रश, ठिबकणारा.
आम्ही दोघं एका भोकाकडे बघत,
लग्नघरी नवरीची खोली बघावी तसे.

पाणी परत येऊ लागलं, बोटभर, मग वीतभर.
तेव्हा आतून थोडी माती वर आली,
नांगीनं नीट दाबली गेली,
आणि भोक बंद झालं.

दार लावलं, खल्फान म्हणाला.
चल. बूट भरतील.