चौथं बटण

सप्पोरोतल्या एका सातव्या मजल्यावर
मी प्रेम लिहिते, तासाच्या दराने.
दर तिसऱ्या पानाला थांबायचं,
वाचणारीला विचारायचं: आता काय करशील?
खाली तीन बटणं.
हात धर. पाठ फिरव. काहीच बोलू नकोस.

सोमवारी इगाराशीबाई तक्ता पाठवतात.
मनगट धरून भिंतीशी अडवणारा वारसदार रेइजी:
शंभरातल्या चौसष्ट.
सेलो वाजवणारा, खोकणारा: एकोणतीस.
(खोकला वाढवा, असा शेरा होता. वाढवला.)
आणि फेरीबोटीच्या खिडकीत तिकिटं फाडणारा ताकुमा,
सात.
त्यातल्याही चार चुकून, म्हणतात बाई,
बटणं जवळजवळ आहेत ना, अंगठा घसरतो.

मला कळतं त्यांना काय हवं असतं.
बर्फ हवा, आणि हातमोजा एकच हरवलेला.
गैरसमज हवा, पण पुढच्या पानापर्यंतच टिकणारा.
त्याने रागवावं, दुसऱ्यांवर.
त्याचं आधीचं कुणी असावं, पण मेलेलं असावं.
आणि नकाराचं बटण हवंच हवं.
दाबत कुणीच नाही,
पण एकदा काढून पाहिलं
तर दुसऱ्या दिवशी निम्म्या निघून गेल्या.

आई कुशिरोला असते. धुकं, मासळीबाजार, गुडघे.
चष्मा कपाळावर सरकवून, फोन नाकाशी धरून
ती माझी गोष्ट वाचते आणि लगेच मला लावते.
"ए, हा तिकीटवाला.
सकाळी पाचपासून उभा आहे म्हणतेस,
मग याला कुणी जेवलास का म्हणून विचारत कसं नाही?
ते बटण कुठाय?"
आई, ही प्रेमकथा आहे.
"मग?"

तिच्या 'मग'पुढे मला कधीच काही सुचलेलं नाही.
वडील अठ्ठावीस वर्षं ट्रॉलरवर होते.
त्या गोष्टीत तिच्यापुढे किती बटणं होती
हे मी विचारलं नाही.

बुधवारी निरोप आला: ताकुमाची फांदी छाटा.
वारसदाराला जुळा भाऊ हवा आहे, तिथे जागा लागेल.
फाइल उघडली.
शेवटची बोट गेलेली, बोटांना शाई,
माझ्याच वाक्यात तो उभा, पूर्णविरामाची वाट बघत.
पुसण्याआधी सहज नोंदी पाहिल्या.
एक वाचणारी. नाव नाही, नुसता आकडा.
एक्केचाळीस वेळा त्याच खिडकीशी आलेली,
पहाटे तीनच्या सुमाराला.
तिकीट घेत नाही. पाठ फिरवत नाही.
काहीच बोलू नकोस, हे दाबते
आणि तिथे मी पुढचं लिहिलेलंच नाही.
कोण थांबतंय तिथे, वाटलं होतं.
पांढरं पान.
त्यावर ती अकरा-बारा मिनिटं असते.
मग पुन्हा पहिल्यापासून.

ती कोण असेल ते मी रचणार नाही.
दिवसभर तेच करते.

बाईंना कळवलं, छाटायला शुक्रवार उजाडेल.
आणि त्या रात्री खिडकीखाली चौथं बटण लावलं:
जेवलास का?
त्यामागे एकच पान.
तो मान हलवतो. नाही की हो, कळत नाही.
आतल्या स्टुलावरचे कागद उचलतो,
कुणीतरी बसेल एवढी जागा करतो.

जागी राहिले. तीन वाजून दहा.
तक्त्यात एक ठिपका हिरवा झाला.
चौथं बटण तिला दिसलं असणार, चांगलं ठळक केलं होतं.
तिने तिसरंच दाबलं.
पांढरं पान. बारा मिनिटं.
माझी बोटं कळफलकावर होती,
एक ओळ तरी टाकावी, बोट आता सकाळी, एवढीच.
टाकली नाही.
आम्ही तिघं तशीच होतो, बर्फ पडत होता,
तोही मी लिहिलेला नव्हता.

पाच वाजता चौथं बटण कुणीतरी दाबलं.
पाठोपाठ फोन वाजला.
"विचारलं मी त्याला," आई म्हणाली.
"पण काय जेवला ते लिहिलंच नाहीस."