खडूच्या रेघा

वेंगुर्ल्यात, गॅरेजमागे,
जुन्या मॅटाडोरच्या पोटात
बाबल मेस्त्री खडूनं आखतो :
इथं शेगडी, इथं पाण्याचा कॅन,
इथं चार गाद्या.

"चार कुणासाठी?" कुंदा विचारते.
"पोरं येतात गणपतीत, तीही विमानानं."

चपला काढून ती रेघांत आडवी होते.
गुडघा चाकाच्या उंचवट्याला लागतो.
"रात्री तीनदा उठते मी. दाराकडची बाजू माझी.
खिडकी इथं, उशीजवळ. वारं तोंडावर हवं."

"खारो वारो पत्रो खाता, वयनी."

"खाऊ दे. आम्ही कुठं शंभर वर्षं फिरणार?"

मी तळव्यानं दोन गाद्या पुसतो.
हाताला पांढरं, विजारीला पांढरं.

"मगे ह्या जागेचा काय करूचा?"
मेस्त्री पट्टी मिटतो.

कुंदा अजून उठलेली नाही,
नसलेल्या खिडकीकडे तोंड करून.