दहाची गोटी

पडताना ती तीनदा बोलली.
टिंग. टक्.
मग जरा थांबून, खोलवरून, टुण्.
चौथा आवाज यायला हवा होता, खालच्या पत्र्याचा.
आला नाही.
म्हणजे दहाची गोटी गाडीच्या पोटातच कुठेतरी.

उणे अठ्ठावीस. उलानबातरच्या उतारावर
जुन्या कंटेनरमधलं माझं गॅरेज,
शेगडीत कोळसा, आणि दारात गोंबोसुरेन.
अंधाराच्या आत त्याला दारखान गाठायचंय.
"झालंच," मी म्हणते.
दिवसातून चाळीसदा म्हणते मी हे झालंच.

दातांत टॉर्च धरून वाकले.
नळ्या, वायरींचे जुडगे, गोठलेला चिखल,
जपानच्या कुठल्याशा रस्त्यावरचं एक पान,
कधीकाळी लाल असावं, आता चहाच्या चोथ्यासारखं.
गोटी सोडून सगळं दिसलं.

चुंबकाची काठी सोडली.
भेटेल त्या लोखंडाला बिलगतो मेला,
ब्रॅकेटला, बोल्टला, सोडवला की पुन्हा त्याच ब्रॅकेटला.
तार वाकवली, टोकाला च्युइंगगम लावलं.
गमचा थंडीने दगड झाला.
शेवटी हात घातला.
मनगटाचं हाड अडतं.
वीस वर्षांपूर्वी जायचा हा हात इथून.

"राहू दे ना," गोंबोसुरेन म्हणतो, "एक गोटी ती. पैसे देतो मी तिचे."
कसं सांगू त्याला,
पेटीत आठ आहे, नऊ आहे, अकरा आहे,
मधला खड्डा मी रोज चाचपत बसेन,
जिभेने पडलेला दात चाचपावा तसा.
आणि दारखानच्या वाटेवर एखाद्या गचक्याला
ती पंख्याच्या पात्यात उतरली तर?

शेगडीपाशी त्याची मुलगी, खुलान, सात वर्षांची,
मेंढीच्या घोट्याची हाडं फेकत बसलेली.
मेंढी, शेळी, शेळी, उंट.
घोडा काही पडेना.
मधूनच माझ्या हातांकडे बघायची,
मोठी माणसं किती वाईट खेळतात, तसं.

मी तिच्या बापाकडे पाहिलं.
त्याने इंजिनावर तळहात ठेवला. गार.
बॅटरीची तार मी आधीच काढली होती,
तरी पुन्हा जाऊन बघून आले.
मग खुलानला स्टुलावर चढवलं, तिच्या बोटांवर फुंकर घातली.
"डोळे मीट. डोळ्यांचं इथे काही काम नाही."

हात गेला. मनगट, कोपर, अख्खा दंड.
जीभ ओठांच्या कोपऱ्यात.
"आहे काहीतरी."
"गोल?"
"नाही. लांब."

निघाला एक पेचकस, बोटाएवढा.
मुठीवर निळी चिकटपट्टी,
पट्टीवर पेनाने काढलेली दोन जपानी अक्षरं,
कुणाचं तरी नाव असणार.
मूठ डाव्या अंगठ्याखाली झिजलेली.
म्हणजे तिकडेही कुणीतरी
दातांत टॉर्च धरून वाकलं होतं,
आपल्या भाषेत झालंच म्हणालं होतं,
आणि मग बॉनेट लावून टाकलं होतं.

गोटी विसरलेच मी.
खुलान नव्हती विसरली. तिचा हात पुन्हा आत.

मग तिची एक भुवई हलली. तेवढीच.
काळी मूठ बाहेर आली, उघडली.
दहा.

मला नाही दिली तिने.
चार हाडांत ही पाचवी घातली आणि फेकली.
टण्.
गडगडत शेगडीच्या पायाशी गेली,
तोंड वर करून उभी राहिली.
"घोडा," खुलान म्हणाली,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

ते गेले, उजेड असतानाच.
गोटी तिच्या खड्ड्यात आहे.
पेचकसाला माझ्या पेटीत खड्डा नाही,
म्हणून तो खिशात ठेवते.
दुसऱ्याच हाताने झिजवलेला,
माझ्या उजव्या हातातून सारखा निसटतो.
आज सकाळी एका गाडीत
पडता पडता राहिला.