उखर्डू भंगारवाल्याचे भाव

हर्षालीला शाळेत वही भरून न्यायची होती:
'इतर जगांवर माणसाने सोडलेल्या वस्तू.'
ती यादी घेऊन वखारीत आली,
अमळनेरची, बोरीकाठची आमची वखार,
आणि बंद मिलच्या चात्यांच्या ढिगावर बसली.
मे महिना. कुत्रं काट्याच्या सावलीत उभं,
काट्याची सावली ती केवढी.

आबा म्हणाला, तू वाच. मी भाव सांगस.

चंद्रावर तीन मोटारी. चाकं तारेच्या जाळीची.
— ॲल्युमिनियम? एकशे वीस. बॅटऱ्या अलग.
बूट.
— रबर. दोन रुपये.
हातोडा, आणि एक ससाण्याचं पीस.
— हातोडा ल्ही घे. पिसाले भाव नई.
लघवीच्या पिशव्या.
आबा इतका हसला की विडी विझली.
— एवढा लांब गयात, अन् ते बी तठेच?

शुक्रावर रशियाचं यंत्र. साडेचारशे अंशांत
दोन तास चाललं, मग बंद.
आबाने वरच्या पत्र्याकडे पाहिलं.
— बरं टिकनं.

चंद्रावर साठ किलोचे दहाच भरतात, बाबा,
हर्षालीने मला शिकवलं.
आबा तिकडून ओरडला, लटकन काट्यावर!
तराजूत वजनं टाक, तठे बी साठच.
तिने पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं.
बरोबर होतं.
चाळीस वर्षं दोन्ही काटे वापरलेल्या माणसाला
कुठला कुठे खोटं बोलतो हे ठाऊक असणारच.
(आम्हालाही ठाऊक होतं. घर त्यावरच उभं आहे.)

मग एक फोटो.
कुणी आपल्या बायकापोरांचा, प्लास्टिकमध्ये घालून,
तिथल्या धुळीत ठेवून आला.
बाई म्हणाल्या, उन्हाने एव्हाना कोरा झाला असेल.
आबाच्या तोंडावर आलं होतं, रद्दी.
म्हणाला नाही.

शेवटी आपली बग्गी. छोटी, सहा चाकांची.
रात्र झाली म्हणून झोपवली,
तिथली रात्र आपल्या चौदा दिवसांची.
— मंग उठनी का?
उजाडल्यावर हाका मारल्या, आबा.
नाही उठली.

तेव्हापासून आबाने भाव सांगितला नाही.

त्याच्याआधी तीन गेली होती.
म्हणून हा झाला तेव्हा
आईने सुपात घातलं, उकिरड्यावर ठेवलं
आणि मागे न बघता घरी आली.
मागून रुख्माबाई तेलीण गेली,
'बाई, हे कोणाचं टाकलेलं' म्हणत उचलून आणलं,
सव्वा रुपयाला आईलाच विकलं.
मरण दारात आलं तर त्याला वाटावं
कचऱ्यातलं आहे, कशाला हात लावा.
आमच्या खानदानातला भंगाराचा पहिला सौदा हाच.
नावसुद्धा तिथूनच उचललेलं.

हर्षालीला हे सगळं माहीत नाही.
ती पेन उघडून बसली होती.
तिला आबाने फक्त एवढं विचारलं,
— बठ्ठं तठे टाकेल शे, का ठेवेल शे?

वहीत तीन रकाने होते.
वस्तू. ठिकाण. वर्ष.

सहा वाजता हमाल गेले.
माझ्याकडे आता बॅटरीचा काटा आहे, लाल आकड्यांचा,
मी तो बंद करून पेटीत ठेवला.
आबाचा जुना लटकन काटा तसाच आढ्याला.
त्याची स्प्रिंग कधीचीच ढिली झालीय,
खाली काही नसतं
तेव्हाही तो दोनशे ग्रॅम दाखवतो.
दुरुस्त करून आणू का, मी दरवर्षी विचारतो.
ऱ्हाऊ दे, म्हणतो.
हर्षाली त्याच्याखाली उभी राहून
बराच वेळ आकड्याकडे बघत होती.
मी कुलूप हातात घेऊन थांबलो.